कोजागिरीच्या सहलीबद्दलच्या एक स्टारला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला, घरात सगळ्यांनी वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की कोजागिरी सौराष्ट्रात कोडीनारच्या बाजूला समुद्रावर करायची म्हणून आमची कॅराव्हॅन घेतलीत, तर एसी दोन तासांत बंद पडला, तंबूत पाणी शिरलं, गाडी वाळूत रुतली आणि ट्रॅक्टरवाल्याला १,५०० रुपये मोजावे लागले. रात्री आम्हाला फोन केला तर आम्ही सिंहाची भीती घालून गाडीत बसवलं, आणि परत आल्यावर डिपॉझिटमधून ३,५०० कापले. ऊन्याच्या नाक्यावर गेलेला अर्धा तासही आमच्याच खात्यावर टाकलाय.

आधी आमची चूक. बुकिंगच्या वेळी तुम्ही विचारलंत, गाडी पाण्याच्या किती जवळ लागेल? फोनवर माझा भाचा होता. तो म्हणाला, "एकदम टच!" भाचा समुद्रावर एकदाच गेलाय, मांडवीला (कच्छातल्या, आपल्या बडोद्याच्या न्यायमंदिराजवळच्या नव्हे), तोही बाइकवर. साडेतीन टनांची गाडी वाळूवर उतरवायची नसते, हे आमच्या करारात दुसऱ्या पानावर छापलंय आणि त्यावर तुमची सही आहे. पण छापील कागद एक सांगतो आणि फोनवरचा माणूस दुसरं, तेव्हा गिऱ्हाईक माणसाचंच ऐकणार. मीही ऐकलं असतं.

दुसरी चूक माझी स्वतःची, आणि ती मोठी आहे. तारीख मी माझ्या हातानं कॅलेंडरवर लिहिली, जिथे पौर्णिमेचा गोल छापलेलाच होता. चंद्रासाठी तुम्ही ती रात्र निवडली आणि समुद्रही नेमका त्याच चंद्रामुळे वर चढला. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, पाणी रोजच्यापेक्षा बरंच आत येतं. मुख्य उधाण तर बहुतेकदा पौर्णिमा उलटल्यावर एक-दोन दिवसांनी असतं, म्हणजे तुम्ही आणखी एक रात्र तिथेच काढली असती तर पाणी कदाचित आणखी वर आलं असतं. माझ्या आईचं माहेर रत्नागिरीकडचं. तिकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात, म्हणजे अष्टमीला सहा. हा हिशेब तिकडचा, सौराष्ट्राच्या किनाऱ्याला तो तसाच लावता येत नाही. पण भरतीचं वेळापत्रक पाहायला दोन मिनिटं लागतात आणि ती मी काढली नाहीत.

तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. तंबूच्या खुंटीभोवती वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी आहे, रांगोळीसारखी. ते बारक्या खेकड्यांचं काम. ओहोटीत बिळातून बाहेर येऊन ते वाळू चाळतात आणि गोळ्या मागे टाकतात, पुढच्या भरतीत सगळं पुसलं जातं. म्हणजे तुम्ही तंबू ठोकलात तिथे त्याच दिवशी पाणी येऊन गेलेलं होतं. ऑक्टोबरच्या उन्हात वरचा थर तासाभरात वाळतो आणि संध्याकाळी पाचला ती जागा अंगणासारखी कोरडी दिसते. काटक्या, शेवाळ, प्लॅस्टिकच्या बाटल्या यांची जी रेघ किनाऱ्यावर असते ना, तिच्याही बरंच वर, जिथे वेली उगवलेल्या असतात तिथे झोपायचं. जाताना भावनगरला खाडी पाहिली असेल. तिथे उधाणाला पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. कोडीनारच्या बाजूला त्या मानानं फारच कमी, पण कमी उताराच्या सपाट वाळूवर तेवढंही पुरतं. हे सगळं गाडीची किल्ली देताना सांगायला हवं होतं.

आता एसी. एसी आहे असं आम्ही सांगितलं, आणि तो आहे. रात्रभर चालतो असं कुणी म्हटलं नव्हतं, पण चालत नाही असंही कुणी म्हटलं नाही, हे मान्य. गाडीत १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आहे, म्हणजे साधारण २.४ युनिट वीज. छतावरचा एसी तासाला एक-सव्वा युनिट खातो. दोन तासांत बंद पडला म्हणजे बिघडला नाही, हिशेबानं चालला. रात्रभर गारवा हवा असेल तर हॉटेलच्या आवारात गाडी लावून १६ अँपिअरच्या प्लगला जोडावी लागते. त्यासाठीची ३० फुटी केबल मागच्या डिकीत होती. समुद्रकिनारी दोन छोटे पंखे आणि जाळीच्या खिडक्या, एवढ्यावरच भागवायचं. पाऊस गेलेला, वारा पडलेला, अंग चिकचिकणारं, ऑक्टोबर तिथे असाच असतो. मला विचाराल तर डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. रात्री दव एवढं पडतं की सकाळी तंबू पिळावा लागतो, पण झोप लागते. मे-जूनमध्ये त्या बाजूला आम्ही गाडीच देत नाही. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ ऊना-दीवच्या मधेच जमिनीवर आलं होतं.

सिंहाबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. रात्री साडेदहाला तुमचा फोन आला, मागे मुलं रडत होती, आणि तुमचे यजमान म्हणाले की तंबू वरच्या उसाच्या कडेला हलवतो. मी म्हणालो, "मुळीच नाही, सगळे गाडीत बसा, दार लावा." ते भीती घालणं नव्हतं. २०२५ च्या मोजणीत गुजरातेत ८९१ सिंह निघाले आणि त्यातले बरेच गीरच्या अभयारण्याबाहेर राहतात. सूत्रापाडा, कोडीनार, ऊना, वेरावळ हा किनाऱ्याचा पट्टा वनखात्याच्या यादीत वेगळा मांडलेला आहे. उसात बिबटेही असतात. कोडीनार एके काळी आपल्या बडोदा संस्थानात होतं म्हणून तिथे अजून आपलं राज्य आहे असं समजू नये, रात्री ते त्यांचं असतं. गाडीत सहा जण अवघडून बसलात, खरं आहे. त्या जागी पुन्हा फोन आला तरी मी हेच सांगेन.

ऊन्याच्या नाक्याचं काय उत्तर देऊ? दीवमध्ये दारू चालते, गुजरातेत बंदी आहे, मग तिकडून येणारी गाडी तपासणारच. आमच्या गाडीला अकरा कपाटं आहेत.

पैशांचं. ट्रॅक्टरचे १,५०० आणि कोजागिरीच्या रात्रीचं भाडं आज तुमच्या खात्यात परत केलंय. डिपॉझिटचे ३,५०० परत करणार नाही. गाडी बाहेर निघाल्यावर सकाळी मी स्वतः फोन करून सांगितलं होतं की दीवला पोचलात की पहिल्या सर्व्हिस स्टेशनवर खालून मीठ्या पाण्यानं धुवून घ्या. (बडोद्याचं मराठी हे असं, मीठं पाणी म्हणजे गोडं पाणी. पण तुम्हीही दांडिया बाजारच्याच, मिठाचं पाणी असं ऐकलं नसणार.) गाडी दोन दिवसांनी आली तेव्हा ब्रेक ड्रमवर खाऱ्याचा पांढरा थर वाळून बसला होता, हँडब्रेक सुटत नव्हता. चाकं उघडून बेअरिंगना नवं ग्रीस भरावं लागलं. गॅरेजचं बिल तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवलंय.

भाच्याला आता फोन घेऊ देत नाही. किल्लीसोबत भरतीच्या वेळांचा कागद देतो, एसीचा हिशेब मोठ्या अक्षरांत दारावर चिकटवलाय.

आणि तुमचं दुधाचं पातेलं ओट्याखालच्या कपाटात राहिलं होतं, तळाला केशर-वेलची करपून चिकटलेली. आमच्या घरी घासून ठेवलंय. ऑफिस रोज साडेसातपर्यंत उघडं असतं, येता-जाता घेऊन जा.