विकेट पडलेली नाही

परवा रात्री भाच्याचा मेसेज आला, "मामा, विकेट मेला का?" आधी वाटलं, क्रिकेटचं काहीतरी टाइप करताना गडबड झाली. मग त्याने खाली तो फॉरवर्ड चिकटवला: 'एंडॉरच्या लढाईची पाच दडवलेली सत्यं'. हे प्रकरण मला याआधीही बऱ्याच जणांनी पाठवलंय आणि दर वेळी मी न वाचता पुढे गेलोय. पण नऊ वर्षांचं पोर त्यापायी जागं राहतंय म्हटल्यावर बसून उत्तर देणं आलं.

ज्यांना संदर्भ लागेल त्यांच्यासाठी: 'स्टार वॉर्स' मालिकेतला १९८३ चा 'रिटर्न ऑफ द जेडाय'. एंडॉरच्या जंगली चंद्राजवळ साम्राज्याचा दुसरा डेथ स्टार, म्हणजे राक्षसी तोफ असलेलं अंतराळस्थानक, अर्धवट बांधलेला आहे आणि त्याचं संरक्षककवच चंद्रावरच्या केंद्रातून चालतं. साम्राज्याविरुद्धच्या बंडखोरांपैकी हॅन आणि लेआ ते पाडायला खाली, लँडो आणि ॲडमिरल ॲकबार ताफा घेऊन वर, ल्यूक सम्राटासमोर. विकेट हा चंद्रावरच्या केसाळ, कमरेएवढ्या इवॉकांपैकी एक.

तिसऱ्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण रडवणारा तोच आहे. 'डेथ स्टारचे तुकडे चंद्रावर कोसळून सगळे इवॉक मेले. बंडखोरांनी वंशसंहार केला आणि वर नाचले.'

यातलं अर्धं मान्य करावं लागतं, नाइलाज आहे. एवढा अवाढव्य धातूचा गोळा चंद्राच्या इतक्या जवळ फुटला तर त्याचे तुकडे हवेत विरघळत नाहीत, आणि चंद्राचं गुरुत्वाकर्षण काही सुट्टीवर जात नाही. चाहते यावरून वर्षानुवर्षं भांडतायत, ते उगाच नाही. पण 'तुकडे कुठेतरी पडले असणार' इथून थेट 'सगळे मेले' इथे पोचायला मधल्या किती पायऱ्या गाळल्या? चित्रपटात स्फोटानंतर त्याच जंगलात रात्री शेकोट्या पेटतात, इवॉक ढोल बडवतात. त्यावर फॉरवर्डवाल्याचं उत्तर तयार: ती मरणाआधीची मेजवानी!

बरं. मग २०१९ चा 'द राइज ऑफ स्कायवॉकर' काढा. त्याची कथा एंडॉरनंतर ३१ वर्षांनी घडते. त्यात डेथ स्टारचा भलामोठा सांगाडा दिसतो, खवळलेल्या समुद्रात, ज्याच्यावर नायिका रे आणि तिचा शत्रू कायलो रेन लाटांच्या माऱ्यात लढतात. ती जागा केफ बिर. एंडॉरचाच चंद्र, पण दुसरा. म्हणजे मोठे तुकडे उरले हे खरं, पडले हेही खरं, फक्त फॉरवर्डवाल्याने पत्ता चुकीचा टाकलाय. आणि शेवटाकडे काही सेकंदांचं एक दृश्य आहे: जंगली चंद्रावर इवॉक उभे आहेत, आकाशात साम्राज्याच्या वारसदारांचं जहाज जळत कोसळतंय आणि विकेट वर बघतोय. म्हातारा झालाय. शेजारी त्याचा मुलगा. विकेटच्या पोशाखात पुन्हा वॉरविक डेव्हिसच, आणि मुलाच्या पोशाखात त्याचा खराखुरा मुलगा. वंशसंहार झालेल्या जमातीत बापलेक उभे राहून आकाश बघत नसतात.

आता उरलेलं. 'टेडी बेअरनी साम्राज्य हरवलं.' खालची लढाई पुन्हा एकदा नीट बघा. इवॉकांचे दगड चिलखतावर टणाटण आपटून खाली पडतात. दोन पायांच्या त्या चालत्या यंत्राला दोरी लावून पाडायला जातात, तर यंत्रच त्यांना फरफटत नेतं. ओंडक्यांनी काही यंत्रं चिरडली, हे कबूल. पण पारडं फिरलं ते हॅनचा साथीदार च्युबॅकाने दोन इवॉकांना घेऊन एक यंत्र पळवल्यावर. आणि केंद्राचं दार? हॅनने शत्रूचं शिरस्त्राण घालून आतल्या अधिकाऱ्याला पडद्यावरून सांगितलं की बंडखोर पळतायत, पाठलागाला माणसं पाठवा. त्यांनी आपल्या हाताने दार उघडलं. एवढी मोठी लढाई अडली होती त्या दारापाशी, आणि ते दगडाने नाही, थापेने उघडलं. इवॉकांनी त्या थापेसाठी वेळ मिळवून दिला. हे काम छोटं नाही, पण टेडी बेअरच्या विनोदात ते बसत नाही.

'साम्राज्याचा ताफा घाबरून गप्प बसला.' घाबरून नाही, हुकमाने. त्या ताफ्याचा ॲडमिरल पिएट स्वतः सांगतो की हल्ला करायचा नाही, फक्त पळू द्यायचं नाही. सम्राटाला डेथ स्टारची तोफ मिरवायची होती. तोफेने पहिलं जहाज उडवल्यावर ॲकबार माघारीच्या बेतात होता. लँडोने ताफा थेट शत्रूच्या जहाजांना भिडवायला लावला, कारण त्या तोफेपुढे उभं राहण्यापेक्षा ते परवडलं. लढाईतला सगळ्यात शहाणा निर्णय हाच, आणि पाच सत्यांत त्याला एक ओळ नाही.

'१९ किलोमीटरचं एक्झिक्युटर एका चिमुकल्या विमानाने पाडलं.' एक्झिक्युटर म्हणजे पिएटचं मुख्य जहाज. आधी सगळ्या ताफ्याने त्याच्यावर मारा केला, मग त्याच्या नियंत्रणकक्षाचं कवच गेलं, मग ते विमान त्या कक्षावर आदळलं. पुढे.

'त्या दिवशी साम्राज्य संपलं.' नाही. पुढच्या वर्षी जाकू ग्रहावर शेवटची मोठी लढाई झाली. हा गैरसमज मात्र मी माफ करतो. १९९७ च्या सुधारित आवृत्तीत साम्राज्याची राजधानी कोरसांटवरच्या जल्लोषाचं दृश्य घातलं, आणि ते बघून कुणालाही वाटेल की राजधानीच पडली.

भाच्याला विकेटचं दृश्य पाठवलं. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "त्याला मुलगा पण आहे!!" मग लगेच दुसरा प्रश्न: "आणि तो दुसरा इवॉक? ज्याचा मित्र त्याला हलवत होता?"

तो एक मेला. ते तसंच सांगितलं.