ब्लँकेटं वाटून झाली असतील तर

सकाळी फोन उघडला आणि डोकंच फिरलं. आपल्याच ग्रुपातल्या मंडळींनी कातकरी वस्तीवर जाऊन फराळ, वह्या आणि ब्लँकेटं वाटली त्याचे ढीगभर फोटो. एका फोटोत एक म्हातारी, तिच्या अंगावर ब्लँकेट आणि त्या एका ब्लँकेटला चौघांनी हात लावलेला. म्हातारी कॅमेऱ्याकडं बघतच नाहीये, तिचं लक्ष बाजूच्या चिवड्याच्या पिशवीकडं. खाली "आदिवासी बांधवांसोबत दिवाळी". नावं घेत नाही, सगळे ओळखीचेच आहेत, संध्याकाळी चहाला भेटायचंय.

बरं, वह्या का? दिवाळी झाली की ती वस्ती निम्मी रिकामी होते हे एकालाही माहीत नाही? मुकादमानं, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदारानं, पावसाळ्यातच उचल दिलेली असते, धान्य संपलेलं असतं, आजारपण असतं, घेतात बिचारे, आणि मग ती फेडायला कुणी वीटभट्टीवर, कुणी कोळशाच्या भट्टीवर, पोराबाळांसकट, ते थेट पावसाच्या तोंडाला परत. म्हणजे ज्या पोराच्या हातात तुम्ही वही देऊन फोटो काढला त्याची शाळाच पुढच्या आठवड्यात सुटणार. वेठबिगारी बंदीचा कायदा 1976 चा आहे म्हणे. असू दे.

आता कुणीतरी लिहिणारच की हंगामी वसतिगृहं असतात, पोरगं गाव सोडून गेलं तरी तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड असतं. असतं, मान्य. कार्ड घेऊन ज्या शाळेत जायचं ती शाळा भट्टीपासून किती लांब आहे ते पण लिहा मग.

माझं झेरॉक्स आणि ई-सेवाचं दुकान, कागद बघण्यात जन्म गेला. जूनमध्ये निकालानंतर एक कातकरी मामा पोरीला घेऊन आले. कोयनेच्या पाण्यात मासे धरतात, बामणोलीच्या बाजूचे. पोरगी आश्रमशाळेत राहून दहावी पास झालेली, वस्तीतली पहिलीच. जातीचा दाखला पाहिजे, त्याशिवाय साताऱ्यात वसतिगृह नाही, स्कॉलरशिप नाही. प्लास्टिकच्या पिशवीत कागद, पिशवीला माशांचा वास, आत रेशनकार्ड आणि सगळ्या घराची आधार कार्डं. मी एकेक बघत गेलो. मामांचा जन्म 1 जानेवारी, मामींचा 1 जानेवारी, आजीचा 1 जानेवारी. म्हणलं मामा तुमच्याकडं वाढदिवसाला एकच केक पुरतो की. हसले. कॅम्पमध्ये आलेल्या पोरानं तारीख विचारली, यांना सांगता आली नाही, त्यानं टाकून दिली.

पुढं काय, तर 1950 च्या आधीचा पुरावा. अनुसूचित जमातीला 6 सप्टेंबर 1950 ही तारीख. आजोबांचा शाळेचा दाखला आणा, नाहीतर जन्म-मृत्यूची नोंद आणा. कुठून आणायचा? आजोबाला शाळेत घातला कुणी? जमीन नावावर नव्हती त्यामुळं जुना सातबारा नाही. पूर्वज खैराचा कात काढायचे, इंग्रजांनी जंगल राखीव केलं तसा तो धंदा मोडला, मग कोळसा, मग मासे. मग धरण झालं. धरणग्रस्तांचे हाल मला माहीत आहेत, त्यांनाही अजून न्याय नाही, पण त्यांची निदान यादी तरी आहे हो. ज्याच्या नावावर गुंठाही नव्हता तो कुठल्या यादीत येणार?

कायदा काय म्हणतो ते पण सांगतो, कारण इथं लगेच अतिक्रमण अतिक्रमण सुरू होतं. 2006 चा वनहक्क कायदा आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आदिवासी माणूस वनजमिनीवर राहत असेल, कसत असेल तर 4 हेक्टरपर्यंत हक्क, नवरा-बायको दोघांच्या नावानं, वारसाला जाणार पण विकता येणार नाही. आणि पुरावा म्हणून गावातल्या जाणत्या माणसाचा लेखी जबाब चालतो, ठराविकच कागद पाहिजे असा हट्ट धरायचा नाही असं नियमातच आहे. जातीच्या दाखल्याला पण तलाठी, मंडल अधिकारी वस्तीवर जाऊन गृहचौकशी करू शकतात, रायगडला असे दाखले दिलेत. म्हणजे रस्ता आहे. चालायचं कुणी?

मामा त्या ऑफिसात गेले (कुठलं ते सांगत नाही). टेबलावरच्या साहेबांनी पिशवी न उघडताच विचारलं, तुम्ही कातकरीच कशावरून? मामा काय बोलणार, उभे राहिले थोडा वेळ आणि दुकानात परत आले. बाकड्यावर बसून मला म्हणतात, भाऊ, गावात मला हाक मारताना सगळ्यांना माहीत असतं, इथंच कसं माहीत नाही?

हे लिहिताना आत्ता परत राग आला बघा.

महाराष्ट्रात तीनच जमाती केंद्राच्या यादीत सगळ्यात मागं पडलेल्या म्हणून धरल्यात, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. अशा जमातींसाठी 2023 मध्ये केंद्रानं पीएम-जनमन योजना आणली, घर, पाणी, रस्ता सगळं आहे त्यात. छान आहे. पण आपला सातारा जिल्हा आदिवासी विकासच्या ज्या प्रकल्प ऑफिसखाली येतो ते पुणे जिल्ह्यात घोडेगावला, म्हणजे माणसानं लाँचनं बामणोली, तिथून सातारा, मग पुणे, मग मंचरच्या पुढं. दिवसाची मजुरी बुडवून. आणि साहेब मीटिंगला गेले असतील तर परत.

दारू पितात, पोरं शाळेत टिकत नाहीत, हे पण मी ऐकलंय आणि काही खोटं नाही त्यात. पण आपल्याकडं साताऱ्यात दारू कोण पीत नाही ते एकदा हात वर करून सांगा. शाळेचं म्हणाल तर खिरखंडीच्या पोरी आठवतात का? स्वतः होडी वल्हवत कोयनेचं पाणी ओलांडून शाळेला जायच्या, 2022 ला हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली तेव्हा कुठं बातम्या झाल्या. त्या काही कातकरी म्हणून नाही, पण पाण्यापलीकडं राहणाऱ्या पोरीला शिकायला काय लागतं ते कळलं. आणि वर कमी पटाच्या शाळा एकत्र करायच्या म्हणतात. वीसच्या आत पट म्हणे. वस्तीच पंधरा घरांची, पट वीसच्या वर कुठून आणू?

असो. चिडून उपयोग नाही, फोटोतले सगळे मनानं चांगलेच आहेत, वरती थंडी बेकार पडते, ब्लँकेट उपयोगी पडतं, नाही म्हणत नाही. ती म्हातारी आज रात्री उबेत झोपेल.

पण ती पोरगी. वसतिगृहाची मुदत ऑगस्टमध्येच गेली. अकरावीला नाव आहे, एका नातेवाईकाकडं राहून जातेय, तिथं घरचं सगळं काम करून. परवा मामा आले होते, म्हणाले मुकादमाचा फोन आलाय, या वर्षी तिला पण घेऊन जावं का काय करावं, एक हात वाढतो. मला विचारत होते! मी काय सांगणार, मी झेरॉक्सवाला. म्हणलं थांबा मामा, दिवाळी होऊ दे, गृहचौकशीचा अर्ज परत टाकू.

आता त्यासाठी वस्तीवर पंचनामा होईल तेव्हा सह्या करायला ओळखणारी चार माणसं लागतात. गावातली माणसं मागं सरतात, कारण आज जातीच्या कागदावर सही केली तर उद्या हे वनहक्काचा दावा टाकतील आणि ती जागा आपल्या चराईला लागून आहे, हे प्रत्येकाच्या डोक्यात आहे. तोंडानं कुणी बोलत नाही. फोटोतल्या दोघांचं मूळ गाव तेच आहे, मला माहितीये. त्यांचे वडील या मामांच्या वडलांकडून मासे घ्यायचे. तुमच्या सहीला तिथं किंमत आहे रे.

ऑफिसं उघडली की पहिल्याच दिवशी अकराच्या आत दुकानावर या, आधार कार्ड घेऊन. मुकादमाची गाडी यायच्या आत अर्ज आत गेला पाहिजे. झेरॉक्सचे पैसे घेणार नाही.