घाट तिचाही आहे

शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर वाद पेटलाय. वाईतल्या एका भिंतीवर गणपती आळीच्या घाटाचं चित्र काढायचं काम एका मुलीला मिळालं. मुलगी वाईतच वाढलेली, पण वडील उत्तर प्रदेशातून आलेले. लगेच एका वर्गमित्राने लिहिलं, ‘तिला आपला घाट काय कळणार?’ त्याखाली अंगठ्यांची रांग. मी तिच्या बाजूने दोन ओळी लिहिल्या तर उत्तर आलं, ‘तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस.’

तिकडे म्हणजे इटलीत, व्हेनिसजवळच्या मेस्त्रेला. रोज सकाळी पूल ओलांडून मी व्हेनिसला कामाला जाते, तेव्हा उदाहरणही तिकडचंच देते.

आंतोनिएत्ता ब्रांदेइस. एकोणिसाव्या शतकातली इटालियन चित्रकर्ती म्हणून तिचं नाव घेतात, पण ती जन्माने चेक. प्रागला कारेल यावुरेककडे शिकत होती. वडील गेले, आईने व्हेनिसच्या एका गृहस्थाशी लग्न केलं आणि पोर आईबरोबर इथे आली. 1867 मध्ये तिचं नाव व्हेनिसच्या कला अकादमीच्या पटावर आहे. ते वर्ष बघा. जेमतेम काही महिन्यांपूर्वी, 1866 च्या ऑक्टोबरात, व्हेनिस ऑस्ट्रियाच्या हातून सुटून इटलीत आलं होतं, आणि ही त्याच ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात जन्मलेली. त्यात मुलगी. अकादमीत रीतसर शिकलेल्या अगदी पहिल्या बायकांमध्ये ती मोडते. ‘हिला आपलं शहर काय कळणार’ म्हणायला तिथल्या लोकांकडे आमच्या वर्गमित्रापेक्षा भक्कम कारण होतं.

फेदेरिको मोया तिला पर्स्पेक्टिव्ह शिकवायचे, दोमेनिको ब्रेसोलिन निसर्गचित्र. ती तालीम चित्रांत दिसते. बरीचशी चित्रं लहानच, वीत-दीड वीत फळीवर तेलरंगात. सालूते चर्चचा घुमट, पुढे कालवा, गोंदोल्यात उभा नावाडी, वल्ह्यापाशी मोडलेलं प्रतिबिंब. माणसं बोटाच्या पेराएवढीही नसतात, तरी कोण घाईत आहे आणि कोण रेंगाळतंय ते कळतं. प्रवाशांना विकायची चित्रं म्हणून काही जाणकार नाक मुरडतात. विकली की! गिऱ्हाईक परदेशी होतं आणि तिला पोट होतं. पण एखाद्या भिंतीवर ऊन कुठवर चढलंय हे इतकं निरखायला त्या जागेवर जीवच लागतो. काही प्रदर्शनांत तिची चित्रं ‘आंतोनिओ’ या पुरुषी नावाने लागली, याचा मला आजही संताप येतो. 1926 मध्ये ती फ्लॉरेन्सला वारली. आज तिच्या चित्रांतलं व्हेनिस परक्या बाईचं म्हणून कोणी बाजूला काढत नाही.

इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. माझी लेक इथे जन्मली, शेजारच्या आजीशी व्हेनेतोत, म्हणजे इथल्या बोलीत, भांडते, पण 1992 च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांची झाल्याशिवाय तिला स्वतःहून नागरिकत्व मागता येत नाही. परक्यांसाठीची दहा वर्षांच्या वास्तव्याची अट पाचवर आणायला 2025 च्या जूनमध्ये सार्वमत घेतलं, तर निम्मे मतदारसुद्धा फिरकले नाहीत. त्या संध्याकाळी मला जे टोचलं, नेमकं तेच वाईच्या ग्रुपवर टोचलं. म्हणून इतकी चिडले.

त्याच घाटावरच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दुभंगावं म्हणून तशी बांधलेली. आम्हाला हे शाळेत सांगितलं होतं. पण कृष्णेला पूर आला की पाणी आता कुठल्या पायरीपर्यंत चढतं, हे आम्हाला विचाराल तर सांगता येणार नाही. आम्ही अर्धे पुण्यात, उरलेले परदेशात. त्या मुलीला ते ठाऊक असणार, तिला रोज तिथूनच जायचं असतं.

मी जन्माने वाईची, पण लांब राहते म्हणून गप्प बसायचं. ती तिथेच राहते, पण बाप बाहेरचा म्हणून तिने गप्प बसायचं. मग घाटाबद्दल बोलायचं कोणी, हिंजवडीत फ्लॅट घेतलेल्या वर्गमित्राने? दोन्हीकडच्या नियमांत मी कुठे बसते ते मला सांगता येत नाही, आणि ते मला फार लागतं. पण घाट कोणी रंगवायचा असं विचाराल, तर माझ्याआधी तिचा हक्क, आणि ग्रुपवर कितीही अंगठे उठले तरी मी हेच लिहिणार.