व्हॉल्व्ह नाही, मग जळणार काय?

आमच्या टपरीवरच्या पोट्ट्यांच्या मोबाईलवर सध्या एकच व्हिडिओ फिरतोय. घरी बांधलेल्या विमानात गाडीचं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो ते) बसवा, फ्युएल मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं तो तक्ता, जमिनीवर एकदाच लावा, पेट्रोल कापता येईल तेवढं कापा; व्हॉल्व्हच नाहीत तर जळणार काय, असं त्यात ठासून सांगितलंय. हिंगणघाटकडच्या खेड्यात माझं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. विमान मी बांधलेलं नाही. पण भाचा अमेरिकेत बांधतोय, त्यात माझदाचं 13बी हे रोटरी इंजिन आहे, आणि रविवारी रात्री व्हिडिओ कॉलवर आम्ही मामा-भाचे त्या मॅपचेच आकडे चिवडत बसतो.

व्हॉल्व्ह नाहीत, खरंय. पण प्रत्येक रोटरच्या तीन टोकांना एकेक पट्टी असते, एपेक्स सील. दोन रोटर, सहा पट्ट्या. डिटोनेशनने, म्हणजे मिश्रण नीट जळण्याऐवजी एकदम फुटल्याने, एक तडकली की त्या रोटरचं कॉम्प्रेशन गेलं.

आता पेट्रोल कापणं. लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) म्हणजे नेहमीच गरम, असं मात्र मी म्हणणार नाही. मिश्रण लीन करत नेलं की एक्झॉस्टचं तापमान आधी चढतं, मग उतरायला लागतं. वर गेल्यावर, थ्रॉटल कमी करून सरळ उडताना रोटरी त्या उतरणीवर मजेत चालतं. तेवढ्यापुरता व्हिडिओवाला बरोबर. पण टेकऑफला फुल थ्रॉटलवर तसंच कापलं तर डिटोनेशनला आवतण. मॅप हा आरपीएम आणि मॅनिफोल्ड प्रेशरचा (इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाचा) तक्ता आहे, घरागणिक आकडा वेगळा.

शिवाय ऑईल. परवा एका कास्तकाराने पंप आणला. धूर होतो म्हणून त्याने पेट्रोलातलं ऑईल अर्ध्यावर आणलं होतं. पिस्टन काढला तर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, नखाला लागतील असे, आणि रिंग खाचेत चिकटलेली. रोटरीच्या सीललाही असंच ऑईल लागतं. गाडीत त्याचा वेगळा पंप असतो. विमानवाले पुष्कळदा तो काढून टू-स्ट्रोक ऑईल पेट्रोलातच मिसळतात. मग पेट्रोल कापलं की ऑईलही कापलं गेलं!

'जमिनीवर एकदाच' हे तर हसण्यावारी. आपल्याकडे पौषातल्या 10 अंशांच्या पहाटेपेक्षा नवतप्याच्या 45 अंशांत तेवढ्याच जागेत हवा 11 टक्के कमी मावते. कंट्रोलर हे सांभाळतो, पण हवेच्या तापमानाचा सेन्सर इंजिनाच्या धगीत बसवला असेल तर तोच फसतो. 8,000 फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणच उरतो. आरपीएम चढलेला आणि दाब पडलेला, ही तक्त्यातली घरं बांधून ठेवलेल्या विमानात उघडतच नाहीत. इंजेक्टरची दुसरी जोडी सुरू होते तिथे भाच्याचं इंजिन अजून उचकी देतं, आणि तो महिनाभर त्याच चार घरांत अडकलाय.

कोणतंही पेट्रोल चालतं म्हणे. निव्वळ पेट्रोलच्या 1 किलोला जळायला 14.7 किलो हवा लागते, ई20 ला (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) साधारण 13.5. म्हणजे जुन्या मॅपवर ई20 भरलं की काही न कापताच मिश्रण 8 टक्के लीन. आणि विमानतळावरचं 100एलएल हे विमानाचं पेट्रोल भरलं तर त्यातलं शिसं ऑक्सिजन सेन्सर खातं, आकडे खोटे दिसू लागतात. भाच्याने दोन सेन्सर जास्तीचे आणून ठेवलेत.