उंची वाढवाच, पण पायाचं काय?

समुद्राची पातळी वाढतेय म्हणून शहराचे तटबंध उंच करावेत, हे लेखातलं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण सगळा भर उंचीवरच दिलाय, ते खटकलं. पाणी वरून न सांडताही बांध फुटतो. २००५ च्या कॅटरिना वादळात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातल्या १७व्या रस्त्याच्या कालव्याची पूरभिंत फुटली, तेव्हा पाणी तिच्या माथ्यापर्यंत पोचलंही नव्हतं. खालची माती कमकुवत होती आणि भिंतीच्या आधारासाठी जमिनीत उभे ठोकतात ते पोलादी पत्रे पुरेसे खोल ठोकलेले नव्हते.

पुराच्या वेळी बांधाच्या कोरड्या बाजूला जमिनीतून पाणी उकळल्यासारखं वर येताना दिसतं. ते स्वच्छ असेल तर नजर ठेवायची. गढूळ असेल तर पायाखालची माती वाहून चाललीय, असं समजायचं. अशा ठिकाणी भोक बुजवत नाहीत. त्याभोवती वाळूच्या गोण्यांचं कडं रचून आत पाणी चढू देतात, म्हणजे उलटा दाब तयार होतो आणि माती निघायची थांबते. हे कळणारी माणसं रात्री बांधावर फिरती हवीत! नेदरलँड्समध्ये तर बांध पोखरणारे कस्तुरी उंदीर पकडायला पगारी माणसं आहेत.

शिवाय मातीचा बांध वर्षानुवर्षं खचत राहतो. म्हणून बांधकामाच्या खर्चासोबतच देखभालीची, आणि आत साचणारं पावसाचं पाणी उपसणाऱ्या पंपांची, दरवर्षीची तरतूद आत्ताच मंजूर करून घ्या.