दाखले अडवून ठेवायचा हक्क कुठल्याच कॉलेजला नाही

आमच्या घरच्या ग्रुपवर 'पालकांनो सावध व्हा' असा एक फॉरवर्ड आला आणि तो वाचून आमचे दाजी पतसंस्थेतनं कर्ज काढायला निघाले. भाचीनं इथल्या एका कॉलेजात बीएस्सीला ॲडमिशन घेतलेली, नंतर तिचा कृषीला नंबर लागला, आता कॉलेज म्हणतंय तिन्ही वर्षांची फी भरा मगच बारावीचं मार्कशीट आणि एलसी मिळेल. आणि फॉरवर्ड म्हणतोय की कॉलेजचं बरोबर आहे!

त्यात लिहिलंय असं: पूर्ण कोर्सची फी भरेपर्यंत ओरिजिनल ठेवायचा कॉलेजला कायदेशीर हक्क आहे. ॲडमिशन रद्द केली की फी बुडाली. कॉलेज नॅकचं ए ग्रेडवालं असेल तर तक्रार फक्त नॅककडं चालते, ते सात दिवसांत पैसे मिळवून देतात. कॉलेजात लेखी काही देऊ नका, मार्क कापतात. आणि शेवटी ग्राहक मंचात हमखास निकाल लागतो.

दाखल्यांचं आधी घेतो, कारण त्यानं पोरांची वर्षं वाया जातात. युजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, ऑक्टोबर २०१८ मध्येच स्वच्छ सांगितलंय की ॲडमिशनच्या वेळी ओरिजिनल फक्त बघायचे, पोरानं स्वतः सही केलेल्या झेरॉक्स ठेवून घ्यायच्या आणि ओरिजिनल लगेच परत द्यायचे, त्यात मार्कशीट पण आलं आणि शाळा सोडल्याचा दाखला पण आला. त्याच नियमात आहे की फी आगाऊ घ्यायची ती फक्त चालू सेमिस्टरची किंवा वर्षाची, पूर्ण कोर्सची एकदम घ्यायला बंदी आहे. म्हणजे तीन वर्षांची फी मागणं हेच मुळात नियमाबाहेर, आणि त्यासाठी दाखले अडवणं म्हणजे सरळ सरळ पोराला वेठीला धरणं. युजीसीच्याच २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमांत तर तक्रार कशाला म्हणायचं त्या यादीत हे नाव घेऊन दिलंय, जो कोर्स करायचाच नाही त्याच्या फीसाठी दाखले अडवणं. यापेक्षा स्पष्ट काय लिहायचं त्यांनी?

फी बुडाली हे अर्धं खरं आहे, मान्य करायला लागतं. २०१८ च्या नियमात टप्पे आहेत. ॲडमिशनच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा जास्त आधी रद्द केली तर पूर्ण फी परत, फक्त ५ टक्के आणि तेही जास्तीत जास्त ५००० रुपये कापता येतात. त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, ३० दिवसांपर्यंत ५०, आणि पुढं शून्य. काही वर्षी युजीसी आणखी सवलत देते, २०२४ ला ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी परत होती. त्यामुळं घरात चर्चा करत बसू नका, रद्द करायचा अर्ज आधी द्या.

नॅकचं काय? नॅक कॉलेजची गुणवत्ता तपासून मानांकन देते, पोराचं आणि कॉलेजचं भांडण सोडवत नाही. मानांकन देताना तक्रार निवारणाची सोय आहे का हे बघतात, तेवढाच काय तो संबंध. बंगळूरला पत्र पाठवून वाट बघत बसलात तर इथली मुदत निघून जाते.

आणि लेखी देऊ नका हा सल्ला तर सगळ्यात नुकसानीचा. सगळं घड्याळ लेखी अर्जावरच चालू होतं. अर्जाच्या दोन प्रती काढायच्या, एक ऑफिसात द्यायची आणि दुसरीवर आवक नंबर, तारीख, सही-शिक्का घेऊनच खिडकी सोडायची, क्लार्क 'ठेवून जावा' म्हणाला तरी. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, ईमेल करा. कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तक्रार आल्यापासून १५ कामाच्या दिवसांत तिनं अहवाल द्यायचाय. तो पटला नाही तर १५ दिवसांत लोकपालाकडं, म्हणजे विद्यार्थ्यांची अपिलं ऐकायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, अपील, आणि त्यांनी ३० दिवसांत निकाल द्यायचाय. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेज असेल तर लोकपाल विद्यापीठाचा. त्यांचा आदेश कॉलेजनं धुडकावला तर संलग्नता काढायच्या शिफारशीपर्यंत युजीसी जाऊ शकते. मार्क कापतील ही भीती मला कळते, पण जे पोर कॉलेज सोडूनच चाललंय त्याचे कसले मार्क कापणार?

ग्राहक मंचाचं थोडक्यात. विद्यार्थी हा ग्राहक नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१० च्या महर्षी दयानंद विद्यापीठाच्या केसमध्ये म्हटलंय, तेव्हा हमखास वगैरे काही नाही. कोर्टातच जायची वेळ आली तर रिटसाठी, म्हणजे थेट हायकोर्टात करायच्या अर्जासाठी, आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरातच बसतंय.

दाजी, कर्जाचे कागद तसेच ठेवा, आधी अर्जाची पोच आणा.