नेमणूकपत्रावर नाव कोणाचे?

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की आमच्या घरी पाहुण्यांपेक्षा फोन अधिक येतात, आणि त्या सगळ्या फोनांचा गाभा एकच असतो : "सध्या कशाला स्कोप आहे?" वाळूज आणि चाकण या दोन औद्योगिक पट्ट्यांत मिळून बावीस वर्षे मनुष्यबळ विभागात काढल्यामुळे याचे उत्तर माझ्या खिशात असणार, असे लोकांना वाटते. पूर्वी मीही उत्तर देत असे. कधी आयटी, कधी ऑटोमोबाइल, मध्यंतरी काही वर्षे बँका. आता देत नाही, कारण नुसत्या क्षेत्राच्या नावावरून नोकरीबद्दल फारसे काही कळत नाही, असे माझे मत होत गेले आहे. एकाच कारखान्यात, शेजारशेजारच्या यंत्रांवर उभ्या असलेल्या दोन मुलांच्या पाच वर्षांनंतरच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक पडलेला मी पाहिला आहे, आणि तो फरक त्यांच्या शिक्षणात नव्हता. नेमणूकपत्रावर नाव कोणाचे छापले होते, यात होता.

कारखान्यांपासूनच सुरुवात करतो, कारण ते मी जवळून पाहिले आहेत. पहिल्या पाळीच्या वेळी गेटवर उभे राहिले तर सगळ्यांचा गणवेश साधारण सारखाच दिसतो. पण त्यात एक कंपनी रोलवरचा, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या पटावरचा कायम कामगार असतो, दुसरा ठेकेदाराकडचा, तिसरा शिकाऊ उमेदवार आणि चौथा ठरावीक मुदतीच्या करारावरचा. केंद्र सरकारच्या उद्योगांच्या वार्षिक पाहणीनुसार संघटित कारखान्यांतील चाळीस टक्क्यांहून अधिक कामगार आता ठेकेदारांमार्फत येतात. त्यामुळे 'ऑटोमोबाइलमध्ये भरती जोरात आहे' ही बातमी अगदी खरी असली, तरी ती भरती कोण करतो आहे हे त्या बातमीत नसते. ते ओळखण्याची एक साधी खूण आहे. पहिला पगार झाल्यावर आपल्या यूएएनचे, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या (पीएफच्या) कायम क्रमांकाचे, पासबुक उघडावे आणि त्यावर आस्थापना म्हणून कोणाचे नाव आले आहे ते पाहावे. 'तुम्ही कंपनीचेच' असे तोंडी सांगून प्रत्यक्षात ठेकेदाराच्या आस्थापनेत नोंदवलेली कितीतरी मुले मी पाहिली आहेत, आणि हे लिहिताना संकोच वाटतो, पण त्यांतल्या काहींच्या गेटपासवर सही माझीच होती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतील एक तरतूद नोकरी शोधणाऱ्याने नीट समजून घ्यावी अशी आहे. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सुटताना मालकाकडून मिळणाऱ्या एकरकमी रकमेसाठी, एरवी पाच वर्षांची सलग सेवा लागत असे; ठरावीक मुदतीच्या करारावर थेट मालकाने नेमलेल्या कर्मचाऱ्याला आता एका वर्षाच्या सेवेनंतरही ती मिळू शकते. ठेकेदाराच्या माणसाला ही सवलत केवळ तो त्या कारखान्यात वर्षभर राबला म्हणून मिळत नाही. म्हणजे 'कॉन्ट्रॅक्टवर आहे' हे आपण दोघांविषयी एकाच सुरात म्हणत असलो, तरी कायद्याच्या नजरेत ते दोन निराळे कर्मचारी आहेत. मुलाखतीच्या वेळी "करार कंपनीशी आहे की ठेकेदाराशी?" एवढा एकच प्रश्न विचारायला धीर लागतो, हे मला मान्य आहे. समोरच्या खुर्चीवर बसून मी तो प्रश्न फार थोड्यांदा ऐकला.

रोलवर असणे म्हणजे जन्माची सोय झाली, असेही समजू नये. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला, तेव्हा आमच्या पट्ट्यात अनेकांना वाटले की जुने कामगारही त्याच गेटमधून पुन्हा आत जातील. करार मात्र जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री यांचा होता. कारखाना पुन्हा सुरू होणे ही एक गोष्ट आणि तेथल्या माणसाला काम परत मिळणे ही दुसरी. गुंतवणुकीच्या घोषणांचेही तसेच आहे. जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरमध्ये सुमारे वीस हजार कोटी रुपयांच्या वाहन प्रकल्पासाठी टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, आणि त्यानंतर काही दिवसांतच माझ्याकडे ओळखीच्या मुलांचे बायोडेटा येऊ लागले. सामंजस्य करार, भूखंडाचा ताबा, बांधकाम, यंत्रांची उभारणी आणि मग भरती, असा हा अनेक वर्षांचा रस्ता असतो. ज्याला आज घरभाडे भरायचे आहे त्याने या रस्त्याच्या शेवटाकडे डोळे लावून बसू नये.

मग माणसे हवी आहेत तरी कोणती? या भागात मी सतत ऐकलेली तक्रार अशी की ऑपरेटर हवे तितके मिळतात, सेटर मिळत नाही. बाहेरच्याला दोघे सीएनसी किंवा व्हीएमसी या संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रांवर काम करणारेच वाटतील. ऑपरेटर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, यंत्रावर लावतो, बटण दाबतो, निघालेला जॉब गेजने तपासतो. सेटर ड्रॉइंग वाचतो, टूल निवडतो, ऑफसेट देतो, म्हणजे टूलच्या मापानुसार यंत्र जुळवतो, आणि पहिला जॉब रिजेक्ट झाला तर तो का झाला हे सांगतो. पहिल्याच्या जागी आठवडाभरात दुसरा उभा करता येतो. दुसरा सुट्टीवर गेला तर उत्पादन अडते. हीच गोष्ट साचे (डाय) आणि हत्यारे बनवणाऱ्या टूल अँड डाय मेकरची आणि पीएलसीची, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाची, देखभाल करू शकणाऱ्या इलेक्ट्रिशियनची. आमच्या शहरातील, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या, इंडो-जर्मन टूल रूम या प्रशिक्षण संस्थेत शिकलेल्या मुलांना छोटे कारखानदार शोधत येतात आणि कित्येक अभियांत्रिकी पदवीधर त्याच कारखान्यांत ट्रेनी म्हणून रांगेत उभे असतात, हे चित्र मी इतक्यांदा पाहिले आहे की त्याचे आता नवल वाटत नाही. विजेवर चालणाऱ्या वाहनांमुळे पिस्टन, क्रँकशाफ्ट, गिअर यांवर उभे असलेले वर्कशॉप चिंतेत आहेत आणि ती चिंता रास्त आहे. तरीही डाय बनवू शकणारा हात पेट्रोलच्या गाडीसाठीही लागतो आणि विजेच्या गाडीसाठीही.

आयटीविषयी मी बाहेरचा माणूस आहे, तेव्हा थोडक्यात लिहितो. मोठ्या सेवा कंपन्यांचा व्यवसाय पिरॅमिडसारखा होता : खाली हजारो फ्रेशर, वर थोडे अनुभवी, आणि ग्राहकाला बिल लावायचे ते माणसांच्या संख्येवर. या रचनेचा तळ आता आक्रसतो आहे, कारण तळाशी असलेले चाचणीचे, दुरुस्तीचे आणि प्राथमिक सपोर्टचे कामच यंत्राकडून होऊ लागले आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार, म्हणजे साधारण दोन टक्के, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्या घोषणेचा रोख तर मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीकडे होता. फ्रेशरचे वार्षिक पॅकेज दहा-पंधरा वर्षांपूर्वी तीन-साडेतीन लाख होते आणि आजही ते बहुतेक ठिकाणी त्याच परिसरात घुटमळते आहे, हे महागाई लक्षात घेतली तर पगार घटल्यासारखेच झाले. दुसरीकडे परदेशी कंपन्यांनी स्वतःच्या कामासाठी उघडलेली १,७०० हून अधिक केंद्रे देशात आहेत आणि पुण्यात त्यांची संख्या मोठी आहे. ती चांगला पगार देतात, परंतु त्यांचा ओढा अनुभवी माणसाकडे असतो. पहिला अनुभव मिळायचा कोठे, हा प्रश्न उरतोच. नेमक्या याच काळात तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या एआयसीटीईने अभियांत्रिकी शाखांच्या प्रवेशक्षमतेवरील कमाल मर्यादा उठवली आणि महाविद्यालयांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवत नेल्या. या विसंगतीचा जाब विचारायचा तर तो अठरा वर्षांच्या मुलाला विचारून चालणार नाही.

बँकांचे एका वाक्यात सांगायचे तर खासगी बँकेतील 'रिलेशनशिप' हा शब्द असलेली बहुतेक पदे ही विक्रीची पदे आहेत, आणि रिझर्व्ह बँकेनेच २०२३-२४ च्या आपल्या अहवालात खासगी बँका व लघुवित्त बँकांतून नोकरी सोडण्याचे प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या आसपास असल्याचे नोंदवले आहे. जागा सतत निघतात, यातून तेथे वाढ आहे असा अर्थ काढण्याआधी जुनी माणसे का जातात, हे विचारावे.

आता सरकारी नोकरी. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि खुल्या वर्गासाठी अर्जाचे शुल्क एक हजार रुपये होते. २०२४ मधील पोलीस भरतीत सतरा हजारांहून थोड्या अधिक जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज होते. हे आकडे पाहून 'मुलांना सरकारी नोकरीचे वेड लागले आहे' असे म्हणणारे माझे मित्र मला पटत नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतील बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. ज्याच्या घरी पाच एकर कोरडवाहू आहे आणि ज्याला बाहेर ठेकेदाराखेरीज कोणी विचारत नाही, त्याने सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत वर्षे घालवणे हा वेडेपणा नव्हे, तो हिशेब आहे. फक्त त्या हिशेबात वयाचा रकाना कोरा असतो. तिशीत बाहेर पडलेला मुलगा माझ्यासमोर मुलाखतीला बसला की त्याचे सामान्यज्ञान माझ्याहून चांगले असे, आणि अनुभवाच्या जागी आडवी रेघ. शिवाय सरकारी म्हटले तरी सारे कायम नसते. शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये वाढून प्राथमिकसाठी सोळा हजार झाले. महाविद्यालयांत नेट-सेट झालेली माणसे वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. नेमणूकपत्राचा प्रश्न तेथेही सुटलेला नाही.

आरोग्यसेवेत परिचारिका आणि तंत्रज्ञांना मागणी आहे. जर्मनीला जाण्याची चर्चाही सध्या पुष्कळ आहे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करारही केला. ज्यांना खरोखर जायचे आहे त्यांनी एजंटाच्या आधी भाषेच्या वर्गाचा पत्ता शोधावा. परिचारिका म्हणून तेथे पूर्ण मान्यता मिळवायला साधारणपणे बी-२ पातळीची, म्हणजे कामकाज सहज करता येईल इतकी, जर्मन लागते आणि ती तीन महिन्यांत येत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतला एक डिप्लोमा झालेला मुलगा दोन कागद घेऊन आला. एका कागदावर मोठ्या कंपनीत काम, हुद्दा इंजिनिअर, पगार अठरा हजार, नेमणूक मात्र मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीची आणि मुदत अकरा महिने. दुसरा कागद वाळूजमधल्या चाळीस माणसांच्या टूल रूमचा : चौदा हजार, थेट रोलवर, पहिले वर्ष सेटरच्या हाताखाली. मी माझे मत सांगितले, यूएएनचे सांगितले, ग्रॅच्युइटीचे सांगितले. त्याने सगळे नीट ऐकून घेतले आणि चार दिवसांनी पहिली नोकरी धरली. थोरल्या बहिणीचे लग्न ठरायचे आहे, आणि भाऊ कोठे असतो असे पाहुण्यांनी विचारले तर टूल रूमचे नाव कोणाला कळणार, असे त्याच्या काकांनी त्याला विचारले होते. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मी फक्त एवढेच म्हणालो की टूल रूमवाल्याला फोन करून नाही असे स्वतः सांग, म्हणजे अकरा महिन्यांनी त्याच्याकडे जायला तोंड राहील. त्याने तो फोन माझ्यासमोरच केला.